कळपात नव्या तलंगेचा प्रवेश

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा मुलूख आज इमारतींनी भरून गेला असला, तरी तेथून कोंबडी नाहीशी झालेली नाही. मरोळसारख्या जुन्या गावठाणांतील घरांच्या मागील दारी, आरे वसाहतीतील आदिवासी पाड्यांवर, राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्त्यांत आणि गोराई-मनोरीकडील कोळी व ईस्ट इंडियन कुटुंबांत चार-सहा कोंबड्यांचे खुराडे अजूनही दृष्टीस पडते. बोरिवली आणि मुलुंड हे भाग १९५७ साली मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वी या पट्ट्यात भाताची खाचरे व वाड्या होत्या, आणि कोंबड्यांना चरण्यास परसदार मोकळे होते. खाचरे गेली, परसदार आक्रसले, कोंबडी मात्र टिकून राहिली. घरच्या मुलांना रोज दोन अंडी मिळावीत व अडीअडचणीला चार पैसे हाती यावेत, एवढ्यासाठी ती पाळली जाते. ही अपेक्षा लहान असली तरी ज्या घरात ती धरली जाते, त्या घराला ती लहान नसते.

कोंबडी पहिल्या वर्षी जितकी अंडी देते तितकी दुसऱ्या वर्षी देत नाही, आणि तिसऱ्या वर्षी तर खाल्लेल्या दाण्याची भरपाई होणेही कठीण जाते. यास्तव दरवर्षी एक-दोन जुन्या कोंबड्या काढून त्यांच्या जागी तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतात असलेल्या तरुण माद्या, आणाव्या लागतात. नेमके येथेच घोटाळा होतो. समजा, एका कुटुंबाने रविवारच्या बाजारातून चांगली तरतरीत तलंग विकत आणली आणि संध्याकाळी खुराड्याचे दार उघडून ती आत सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यात डोके खुपसून बसलेली आढळते, तुऱ्यातून रक्त येत असते. किंवा तसे काही न होता ती कळपात मिसळल्यासारखी दिसते, आणि आठ-दहा दिवसांनी जुन्या कोंबड्याच माना टाकू लागतात. दोन्ही प्रसंगी लोक एवढेच म्हणतात की, नवी कोंबडी घराला लाभली नाही.

वास्तविक या दोन आपत्तींची कारणे अगदी निराळी आहेत आणि त्यांवरील उपायही परस्परविरुद्ध आहेत. रोग टाळावयाचा तर नवी कोंबडी जुन्या कोंबड्यांपासून दूर ठेवली पाहिजे. भांडण टाळावयाचे तर ती जुन्या कोंबड्यांना रोज जवळून दिसली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. म्हणून आधी दूर, मग जवळ, हा क्रम पाळावा लागतो. बहुतेक घरांत यांपैकी एखादी गोष्ट केली जाते, क्रमाने दोन्ही क्वचितच केल्या जातात.

प्रथम रोगाचा विचार करू. कोंबड्यांच्या रोगांत आपल्याकडे सर्वांत घातक रोग राणीखेत हा होय. यालाच खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणतात. १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हा रोग ओळखला गेला आणि त्यानंतर लवकरच तो कुमाऊँ पर्वतातील राणीखेत येथे आढळला. त्या गावाचे नाव त्याला आपल्या देशात कायमचे चिकटले. रोगाचे विष अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः पाच-सहा दिवस जातात, पण कधी कधी दोन-तीन आठवडेही लागतात. बाजारात टोपलीत बसलेली तलंग वरून निरोगी दिसते याचा अर्थ एवढाच की, ती आज आजारी नाही. म्हणूनच नव्या पक्ष्याला निदान तीन आठवडे, आणि जमल्यास महिनाभर, वेगळे ठेवावे असे पशुवैद्य सांगतात. हा आकडा कोणाच्या लहरीने ठरलेला नाही.

धोका एकाच बाजूने असतो असेही नाही. जुन्या कोंबड्यांच्या आतड्यात रक्ती हगवणीचे सूक्ष्म जंतू असतात. लहानपणी त्यांच्याशी झुंजून झालेली असल्यामुळे त्या कोंबड्यांना त्यांपासून त्रास होत नाही. परंतु कोरड्या, स्वच्छ जाळीवर वाढलेली तलंग एकदम अशा खुराड्याच्या ओल्या जमिनीवर आली, तर तिला पहिल्या पंधरवड्यातच हगवण लागू शकते. नव्या कोंबडीने रोग आणला असा बोभाटा होतो तेव्हा पुष्कळदा रोग घरचाच असतो आणि बळी नवीचा जातो.

वेगळे ठेवावयाचे म्हणजे कोठे, हा उपनगरातील खरा प्रश्न. शेतकऱ्याच्या मळ्यात गोठ्याच्या पलीकडे जागा मिळते. गावठाणात दोन घरांच्या भिंतींमध्ये चार हातांची बोळ असते. अशा वेळी अंतराची उणीव शिस्तीने भरून काढावी लागते. नव्या कोंबडीची पेटी घराच्या दुसऱ्या बाजूला, शक्यतो जिन्याखाली किंवा पुढील ओट्यावर ठेवावी, आणि तिच्याकडून वाहणारा वारा खुराड्याकडे जाणार नाही असे पाहावे. दाण्याचे व पाण्याचे भांडे निराळे असावे. रोज सकाळी आधी जुन्या कोंबड्यांचे सर्व काम उरकून शेवटी नव्या कोंबडीकडे जावे. उलट क्रमाने कधीही जाऊ नये. तिच्याजवळ जाताना घालावयाच्या चपला वेगळ्या ठेवाव्यात आणि परत आल्यावर हात-पाय साबणाने धुवावेत. हे करणारी व्यक्ती एकच असली तर उत्तम. मुले दोन्हीकडे धावत राहिली तर पेटी कितीही दूर ठेवली तरी तिचा काही उपयोग होत नाही.

या तीन आठवड्यांत नव्या कोंबडीची नीट तपासणी करून घ्यावी. डोळे पाणावलेले नसावेत, नाकपुड्या कोरड्या असाव्यात, श्वास घेताना घरघर ऐकू येऊ नये. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवतीची पिसे फुंकर घालून विस्कटावी म्हणजे उवा व त्यांची अंडी दिसतात. पायांवरील खवले वर उचललेले व खरबरीत असले तर तेथे किडे शिरले आहेत असे समजावे. विष्ठा रोज पाहावी. जंताचे औषध याच काळात द्यावे. राणीखेत व देवी या रोगांच्या लसी तिला मिळाल्या आहेत काय, हे विकणाऱ्याला विचारावे, आणि खात्रीचे उत्तर न मिळाल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. लसीची कुपी पन्नास-शंभर कोंबड्यांना पुरेल एवढी असते आणि एकदा विरघळवली की ती एक-दोन तासांतच संपवावी लागते. चार कोंबड्यांच्या मालकाला ती परवडत नाही. म्हणून एका पाड्यातील किंवा एका आळीतील सर्वांनी मिळून एकच दिवस ठरवावा हे बरे. परळ येथे १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय उपनगरवासीयांस लोकलच्या एका प्रवासाइतके जवळ आहे, आणि केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागाचे केंद्र तर आरे वसाहतीतच आहे. अशी सोय जिल्ह्याच्या खेड्यांतील शेतकऱ्यास सहसा लाभत नाही.

तीन आठवडे निर्वेध पार पडले की दुसरा टप्पा सुरू होतो, आणि तो समजण्यासाठी कोंबडीचा स्वभाव थोडा जाणून घेतला पाहिजे. कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीचे स्थान ठरलेले असते. सर्वांत वरची कोंबडी कोणासही चोच मारू शकते, सर्वांत खालची कोणासही मारू शकत नाही. मधल्या सर्वजणी आपल्याहून वरचीपुढे बाजूला सरतात व खालचीला हुसकावतात. थॉरलीफ श्येल्डेरूप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले होते आणि १९२१ साली या चोचीच्या उतरंडीची शास्त्रीय मांडणी केली. आपल्याकडील कोणत्याही घरधनिणीला ही गोष्ट ठाऊक होती. फक्त तिने ती लिहून ठेवली नव्हती. नंतरच्या प्रयोगांत असे आढळले की, कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके व तुरा यांवरून ओळखतात, आणि एखादीच्या डोक्याचे रूप बदलले तर तिच्याच कळपातील कोंबड्या तिला परकी समजून मारतात. दोन-तीन आठवडे दूर राहिलेली कोंबडीही परत आल्यावर बहुधा परकीच ठरते. त्यामुळे खुडूक बसल्यामुळे किंवा आजारपणामुळे वेगळी काढलेली घरची कोंबडीसुद्धा परत सोडताना नव्या कोंबडीप्रमाणेच सोडावी.

ही उतरंड म्हणजे क्रूरपणा नव्हे. ती एकदा ठरली की भांडणे थांबतात आणि दाणा शांतपणे खाल्ला जातो. नवी कोंबडी आली की सर्वांची स्थाने पुन्हा ठरवावी लागतात, आणि हा काळ जितका सौम्यपणे जाईल तितके बरे.

येथे आपल्या आजीबाईंचे डालगे उपयोगी पडते. बांबूच्या कामट्यांचे ते मोठे पालथे टोपले अंगणात ठेवून त्याखाली नवी कोंबडी झाकण्याची रीत कोकणात व ठाण्याकडे पूर्वापार चालत आली आहे. कोंबडी पळून जाऊ नये म्हणून हे करतात असा समज आहे, आणि तो खोटाही नाही. परंतु त्यातून दुसरेही काम साधते. कामट्यांच्या फटींतून नवी कोंबडी जुन्यांना दिसते, तिचा आवाज ऐकू येतो, शेजारी दाणा टाकला की आतली व बाहेरच्या एकाच वेळी टिपतात, पण चोच पोचत नाही. आज जगभर तारेच्या जाळीचे कप्पे करून हेच केले जाते. जुन्या रीतीत खोट एवढीच होती की, डालगे आणल्या दिवशीच अंगणाच्या मध्यभागी ठेवले जाई, त्यामुळे भांडण टळे आणि रोग शिरे. तीन आठवड्यांच्या विलगतेनंतर ठेवलेले डालगे मात्र निर्दोष साधन होय. आठ-दहा दिवस ते खुराड्यालगत, सावलीत, रोज काही तास ठेवावे. आत पाणी असलेच पाहिजे. उन्हाळ्यात डालग्याखाली कोंबडी विसरून राहिली तर ती दुपारपर्यंतही टिकत नाही.

तलंग एकटी कधी आणू नये. दोन आणाव्यात, आणि त्या एकमेकींच्या ओळखीच्या असाव्यात. एकटीवर सहा चोची पडतात, दोघी असल्या म्हणजे मार वाटला जातो, आणि रात्री एकमेकींना टेकून बसण्यास सोबत मिळते. वयाने त्या निदान साडेतीन-चार महिन्यांच्या आणि अंगाने जुन्या कोंबड्यांच्या जवळपास असाव्यात. अडीच महिन्यांचे पिलू मोठ्यांत सोडणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय.

आता खुराड्याकडे वळू, कारण वरील सर्व खटाटोप अपुऱ्या जागेपुढे निष्फळ ठरतो. गादी पद्धतीच्या घरात एका कोंबडीला दोन ते अडीच चौरस फूट जागा लागते. चार फूट लांब व तीन फूट रुंद अशा खुराड्याचे क्षेत्र बारा चौरस फूट होते, म्हणजे त्यात पाच कोंबड्या सुखाने राहतील, सहाव्या कोंबडीपासून दाटी सुरू होईल. उपनगरातील बहुतेक खुराडी याच मापाची, आणि त्यांत सहा कोंबड्या आधीच असतात! अशा घराने दोन तलंगा आणण्यापूर्वी तीन जुन्या कोंबड्या काढाव्यात किंवा खुराडे आठ चौरस फुटांनी वाढवावे. तिसरा मार्ग नाही. हरलेल्या कोंबडीला मागे सरकण्यास जागा असली तर भांडण दोन चोचींत मिटते. जागा नसली तर जिंकलेली कोंबडी मारतच राहते, कारण समोरची निघून जात नाही आणि म्हणून तिने हार मानली असे तिला वाटत नाही. आत एखादे पालथे खोके किंवा उभी फळी ठेवून नजरेआड होण्यास आडोसा करून द्यावा.

बसण्याच्या दांड्यावर प्रत्येकीला आठ ते दहा इंच जागा मिळावी. दांडे एकाच उंचीवर असावेत, नाहीतर वरच्या दांड्यासाठी रोज संध्याकाळी झगडा होतो. पाच कोंबड्यांमागे एक अंडी घालण्याची पेटी पुरते. दाण्याची भांडी मात्र एकाऐवजी दोन, आणि ती दोन टोकांना ठेवावीत, पाण्याचेही तसेच. वरची कोंबडी एकाच वेळी दोन भांड्यांवर पहारा करू शकत नाही.

मुंबईचा पाऊस हा खुराड्याचा खरा परीक्षक. उपनगरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ या एका दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा खुराड्याची जमीन अंगणाहून दीड-दोन फूट उंच असावी. पावसाळी वारा नैर्ऋत्य व पश्चिम दिशेकडून येतो म्हणून ती बाजू बंद ठेवावी आणि उरलेल्या बाजूंना जाळी लावून हवा खेळू द्यावी. छपराची वळचण तीन फूट बाहेर यावी. भाताच्या तुसाची गादी सहा इंच जाड ठेवावी व ती दर दोन-तीन दिवसांनी खालवर करावी. मूठभर तूस दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला तर ते जास्त ओले आहे असे समजून बदलावे. खुराड्यात वाकून पाहताना डोळे चुरचुरले तर ती हवा कोंबड्यांनाही बाधते हे ओळखावे. त्यांचे नाक तर रात्रभर त्या गादीपासून जेमतेम एक हातावर असते.

जाळी अर्ध्या इंचाची व जाड तारेची असावी आणि ती जमिनीत एक फूट पुरावी. घूस खालून येते, मुंगूस फटीतून शिरतो. राष्ट्रीय उद्यानाच्या व आरेच्या कडेला रानमांजर व बिबट्या यांचाही वावर असतो, तेथे सायंकाळी कोंबड्या कोंडल्यावर दाराला कडी घालून वर खिळही लावावी. सांडलेला दाणा रात्री झाडून घ्यावा, नाहीतर खुराडे उंदरांचे अन्नछत्र होते आणि शेजाऱ्यांची तक्रार न्याय्य ठरते. शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगितले पाहिजे की, अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. कोंबडा कळपातील भांडणे काहीशी आवरतो हे खरे, परंतु पहाटे साडेचारला तो सगळ्या चाळीला उठवतो. दाट वस्तीत तो न ठेवणेच शहाणपणाचे. कोंबड्या पाळण्यापूर्वी महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात नियमांची चौकशी करणेही इष्ट.

डालग्याचे आठ-दहा दिवस संपले की एखाद्या सायंकाळी, अंधार पडल्यावर, दोन्ही तलंगा उचलून जुन्यांच्या दांड्यावर बसवाव्यात. कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे कोणी हलत नाही. सकाळी उठल्यावर जुन्या कोंबड्या फसतात आणि नव्यांना आपल्याच समजतात, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. कोंबडी इतकी भोळी नसते. रात्री बसविण्याचा लाभ एवढाच की, भर दुपारी दारात होणारी पहिली झुंबड टळते. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच घरातील कोणीतरी खुराड्यापाशी हजर असावे, दार लवकर उघडावे आणि अंगणभर विखरून दाणे व पालेभाजीची देठे टाकावीत. चोच खाण्यात गुंतली की भांडायला मोकळी राहत नाही. सुटीच्या आदल्या रात्री हे काम केल्यास नोकरदार घरास सोयीचे पडते.

थोडी टोचाटोची, पाठलाग, मान ताणून समोर उभे राहणे, हे सर्व चालू द्यावे. माणसाने मध्ये पडून प्रत्येक वेळी सोडवणूक केली तर स्थाने ठरतच नाहीत. परंतु रक्त दिसताच तत्काळ हात घालावा. लाल रंगाकडे कोंबड्या ओढल्या जातात, आणि एकदा जखमेवर चोच पडली की सर्वजणी मिळून तेथेच टोचू लागतात. जखमी तलंग बाहेर काढून जखम धुवावी, जांभळे औषध लावून तो लाल रंग झाकावा आणि बरी होईपर्यंत तिला डालग्याखाली, पण कळपाच्या नजरेसमोरच ठेवावे. मारणारी कोंबडी बहुधा एकच असते. तिला चार दिवस बाहेर काढून वेगळे ठेवणे हा नव्या कोंबडीला काढण्यापेक्षा अधिक गुणकारी उपाय आहे. परत येते तेव्हा तिचाच तोरा उतरलेला असतो.

तलंग खाते आहे की नाही हे दिवसा पाहून कळत नाही, कारण ती भांड्यापाशी नुसती उभी राहते. रात्री दांड्यावर असताना तिच्या गळ्याखालील अन्नपिशवी बोटांनी चाचपावी. ती भरलेली व घट्ट लागली तर चिंता नाही. दोन रात्री लागोपाठ रिकामी व लुळी लागली तर तिला कोणीतरी भांड्यापासून हुसकावीत आहे हे निश्चित. ही एक तपासणी दहा निरीक्षणांच्या मोलाची आहे, आणि तिला अर्धे मिनिटही लागत नाही.

दाण्याच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी चुना पुष्कळ घातलेला असतो. अंड्यावर न आलेल्या तलंगेने तेच खाद्य आठवडेच्या आठवडे खाल्ले तर तिच्या मूत्रपिंडांना अपाय होतो. एका खुराड्यात दोन प्रकारचे खाद्य देणे शक्य नसते. अशा वेळी सर्वांनाच वाढीच्या कोंबड्यांचे खाद्य द्यावे आणि चुना स्वतंत्र वाटीत ठेवावा. जिला गरज असेल ती स्वतःच खाते. यासाठी बाजारातून काही आणण्याची गरज नाही. तिसऱ्यांची शिंपली धुऊन, वाळवून, जाडसर कुटून ठेवली की काम भागते. सुकट मात्र धुतल्याखेरीज देऊ नये. तिच्यातील मीठ कोंबडीला सोसत नाही.

हे सर्व केव्हा करावे? शक्य असेल तर मेचा उकाडा आणि जून-जुलैचा पाऊस टाळावा. फाल्गुनात अंड्यातून निघालेली पिल्ले श्रावण-भाद्रपदापर्यंत तलंगा होतात. गणपतीच्या सुमारास आणून वेगळ्या ठेवलेल्या तलंगा नवरात्राच्या आगेमागे डालग्याखाली येतात आणि पाऊस ओसरून जमीन सुकू लागली की कळपात जातात. मग दिवाळीनंतर केव्हातरी त्यांचे तुरे लाल होऊ लागतात, हात पाठीवर ठेवताच त्या अंग चोरून खाली बसतात. ही अंड्यावर येण्याची खूण होय. तोपर्यंत पेट्यांत एखादे खोटे अंडे किंवा गुळगुळीत पांढरा गोटा ठेवून द्यावा, म्हणजे पहिले अंडे भलत्याच कोपऱ्यात पडत नाही. त्यांनी अंडी सुरू केली की खाद्य पुन्हा अंड्यावरचे सुरू करावे. आणि डालगे कढत पाण्याने धुऊन, चार दिवस कडक उन्हात वाळवून, माळ्यावर टाकून द्यावे. पुढच्या भाद्रपदात ते पुन्हा लागेल.